रिकामी कुपी परत देऊ नये

१

डॉ. फरंगीस मोअत्तर बाहेरून आल्या त्या अंगातला कोटही न काढता थेट शीतपेटीपाशी गेल्या. "माहरुख, डबा काढ," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते इतकं दुर्मीळ होतं की त्यांची मदतनीस माहरुख क्षणभर त्याकडेच बघत राहिली. मग तिने चहाच्या समोवारमागच्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि पेटीचं जड दार ओढलं. आतला गारठा धुक्यासारखा बाहेर आला, विरला. मधला खण रिकामा होता.

गेल्या हिवाळ्याची सगळी मेहनत त्या डब्यात होती. शिराजच्या त्या हृदय संशोधन संस्थेत गोड लिंबाच्या रसातून औषध काढायचं काम चाले. फळाच्या पेशींतून रसात डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या उतरतात, नॅनोकण म्हणतात त्यांना. ते वेगळे काढून गोठवायचे आणि झटका येऊन गेलेल्या माणसाच्या शिरेतून थेंबाथेंबाने सोडायचे. मग हृदयाच्या जखमी स्नायूची आग शमते आणि तो पुन्हा जीव धरतो, अशी डॉक्टरबाईंची खात्री होती. मेंढ्या बऱ्या झाल्या होत्या, आता माणसांची पाळी होती. पण फळाचा हंगाम संपला होता. पुढचा डबा भरायचा तर पुढच्या हिवाळ्याची वाट बघायला हवी होती, आणि झटका काही हंगाम बघून येत नाही.

सरहंग नुस्रत देहबुजुर्गींना बोलावणं आलं तेव्हा ते जेवणानंतरच्या गोळ्या घेत होते. सरहंग हा त्यांचा पोलिसातला हुद्दा. नोकरी सरली तरी तो नावाला चिकटून राहिला होता. आता ते संस्थेच्या सुरक्षेचं बघत, म्हणजे बहुतेक वेळा कुणाची छत्री हरवली ते बघत. त्यांना स्वतःला झटका येऊन गेला होता. याच बाईंनी त्यांना वाचवलं होतं आणि हृदयाचा एक कोपरा कायमचा गेला, हेही याच बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. सगळं शिराज तारुफावर चालतं. तारुफ म्हणजे तोंडदेखला आग्रह, 'आपलंच आहे', 'कशाला पैसे देता', 'जीव ओवाळून टाकतो'. त्या शहरात फरंगीस मोअत्तर ही एकच बाई अशी होती की तिला गोड बोलताच येत नसे.

सरहंग वर पोचले तोवर संचालक सालारींनी निकाल देऊनही टाकला होता. किल्ली कुठे असते ते माहरुखला ठाऊक, डब्याची किंमत तिला ठाऊक, आणि पुढच्या महिन्यात ती शिकायला जर्मनीला निघालेली. आणखी काय पुरावा हवा?

"शनिवारी मंडळाची बैठक आहे," सालारी म्हणाले. "तोवर डबा नाही मिळाला तर हिचं नाव मी पोलिसांत देतो. मग जर्मनी विसर."

माहरुख रडली नाही. भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. सरहंगांनी तिला खुर्ची दिली आणि दुपारी काय काय पाहिलंस ते सांग म्हणाले.

"विशेष काही नाही. मी जेवून वर आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर बशीत एक गोड लिंबू कापून ठेवलेलं. तहान लागली होती, अर्धं उचललं आणि तोंडात पिळलं."

"कसं लागलं?"

"गोड."

संचालकांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. गोड लिंबाची खोड शिराजमधलं शेंबडं पोरही जाणतं. कापलं की लगेच खायचं. गप्पा मारत बसलात, चहा निवला, की तेच फळ तोंडात धरवत नाही इतकं कडू होतं. संस्थेत तर फळ कापल्यापासून यंत्रात घालेपर्यंत कुणाला बोलायचीही मुभा नसे. ते लिंबू गोड होतं, म्हणजे माहरुख आत येण्याच्या जेमतेम आधी कापलेलं होतं. आणि जिन्यात तिला कुणीच भेटलं नव्हतं, हे तिनेच दोनदा सांगितलं होतं.

२

बोटांचे ठसे घ्यायला शहरातून माणूस आला. शीतपेटीच्या दारावर त्याला अख्ख्या संस्थेचे ठसे मिळाले आणि तो चहा पिऊन गेला. ठशांवर सरहंगांचा मुळातच विश्वास नव्हता. माणूस बोलता बोलता जे सोडून जातो, त्यावर होता.

दुपारी आणखी दोघं संस्थेत येऊन गेले होते. एक तेहरानच्या औषध कंपनीचा माणूस, ख्वाजूई. डॉक्टरबाईंनी औषधाचे हक्क विकावेत म्हणून तो महिनाभर खेटे घालत होता. दुसरे हाजी कुद्रत, दक्षिणेकडच्या जहरूमचे बागाईतदार. संस्थेला लागणारी सगळी गोड लिंबं त्यांच्या बागेतून येत. हंगामाच्या शेवटच्या दोन पेट्या ते देऊन गेले होते. औषधाच्या उपयोगाची ती फळं नव्हती, मंडळींना खायला म्हणून.

ख्वाजूई हॉटेलच्या अंगणात भरलेली वांगी खात बसला होता. सरहंगांना बघून त्याने ताट पुढे सरकवलं, आग्रह केला, सरहंगांनी नको म्हटलं, आणि दोघांनाही बरं वाटलं.

"चोरी भर दुपारी झाली म्हणे," तो म्हणाला. "सरहंगसाहेब, मग चोर शिराजचा नाही. शिराजचा असता तर झोप काढून आला असता."

"तेहरानचा असता तर?"

"तर दाराशी टॅक्सी उभी असती." त्याने हात पुसले. "हे बघा, गोठवलेल्या कुप्या पळवून मी काय करू? मला कृती हवी आहे, कुप्या नकोत. मी वर गेलो, बाई नव्हत्या. कुठे गेल्या ते त्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. ती जेवायला निघाली, मग मीही थोडा वेळ बसून कंटाळून उठलो."

"बसला होतात तेव्हा टेबलावर काय होतं?"

"काही नाही. असतं तर खाल्लं नसतं? सकाळपासून उपाशी होतो."

सरहंगांना माणूस आवडला नाही, पण त्याची भूक खरी वाटली.

घरी तूरान, त्यांची बायको, अंगणातल्या नारंजाच्या, म्हणजे कडू संत्र्याच्या झाडाखाली मान वर करून उभी होती. दर वसंतात ती त्या फुलांचा मुरंबा घाली, आणि दर वसंतात झाडाशी भांडे. "एक कळी उमललेली नाही अजून," ती म्हणाली. "सगळ्या शहरात कुठे नाही. यंदा थंडी जायचंच नाव घेत नाही."

सरहंग पायरीवर बसले. छातीत डाव्या बाजूला हल्ली संध्याकाळी एक जडपणा येई. त्या डब्यातली एखादी कुपी आपल्या वाट्याला येईल, अशी आशा त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. जुन्या जखमेला तिचा उपयोग नाही, असं डॉक्टरबाईंनी न विचारताच सांगून टाकलं होतं. पण ते माहरुखचा विचार करत होते.

"तूरान, समज तू चोरी केलीस."

"मी? या वयात?"

"समज. तिथे एक लिंबू कापलेलं आहे. ते तू खाल्लंस. मी विचारलं कसं होतं, तर काय सांगशील?"

"लिंबाचं नावच कशाला काढीन?"

"आणि काढलंच तर?"

तूरानने विचार केला. "कडू होतं म्हणेन. म्हणजे कापणारा मघाच येऊन गेला, माझ्याशी काय संबंध."

"बरोबर. त्या पोरीने न विचारता लिंबू काढलं आणि वर गोड होतं म्हणाली. हात दाखवून अवलक्षण. चोर असं बोलत नाही." ते पायरीवर पुढे सरकले. "म्हणजे खरंच कुणीतरी आलं होतं. डबा उचलला आणि मागच्या जिन्याने गेलं. पण तूरान, चोरी करायला आलेला माणूस बसून लिंबू का कापेल?"

तूरान पुन्हा झाडाकडे बघायला लागली.

३

हाजी कुद्रत सरकारी रुग्णालयाच्या बागेत सापडले, बाकावर, बाजूला चहाचा थर्मास. उन्हाने रापलेला, हाडापेराने मोठा माणूस, पण बाकावर असा बसला होता की जणू जागा दुसऱ्या कुणाची आहे. त्यांचा धाकटा भाऊ करामत वरच्या मजल्यावर होता. आठवड्यापूर्वी बागेत पाणी धरताना कोसळला होता. हृदयाची बंद नळी उघडली, सगळं केलं, पण हृदय उठत नव्हतं.

सरहंगांनी भावाची चौकशी केली, हाजींनी सरहंगांच्या तब्येतीची. चहा ओतला, साखरेचा खडा पुढे केला. मग हाजी करामतबद्दल बोलू लागले. आईवडील गेले तेव्हा तो एवढासा होता, मीच वाढवला, शाळेत मीच नेऊन बसवला, लग्नही माझ्याच दारात झालं. बोलताना ते वरच्या एका खिडकीकडे बघत होते.

"खानम डॉक्टरांना त्याच्यासाठी औषध नाही मागितलंत?" सरहंगांनी विचारलं. डॉक्टरबाईंना सगळे आदराने खानम म्हणत.

हाजींनी पेला खाली ठेवला. "मागितलं. एकदा दारात मागितलं, एकदा फोनवर. दोन्ही वेळा म्हणाल्या, आपलंच आहे, हाजी."

"मग?"

हाजी थोडं हसले. त्या हसण्यात राग नव्हता. "मग काय, सरहंगसाहेब. मी पण याच मुलखातला. आपलंच आहे म्हणजे काय ते कळतं मला. खानम डॉक्टर कधी गोड बोलत नाहीत. गोड बोलल्या तेव्हाच ओळखलं, नाही म्हणतायत."

सरहंगांनीही मान हलवली. शिराजमध्ये दुकानदार 'आपलंच आहे' म्हणतो म्हणून कुणी पैसे न देता चालू लागत नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा काय ते खरं कळतं, असा सगळ्यांचा हिशेब.

"परवा वर गेला होतात का, पेट्या द्यायला आलात तेव्हा?"

"छे. दाराशी उतरवल्या आणि परत इकडे. वर जाऊन काय करू, खानम डॉक्टर नव्हत्याच."

वर खिडकीत कुणीतरी पडदा सारला. हाजी ताडकन उठले आणि निरोप न घेताच आत गेले. इतक्या रीतीभातीच्या माणसाने पाठ फिरवून जावं, याचं सरहंगांना वाईट वाटलं, आणि त्या नादात हाजींचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावरून घसरून गेलं.

करामत त्याच रात्री गेला. हाजी त्याला घेऊन जहरूमला परतले.

दोन दिवसांनी सकाळी संस्थेच्या फाटकाशी एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं मिळालं. कुणी ठेवलं ते द्वारपालाने पाहिलं नव्हतं, तो नाश्ता करत होता. संचालकांनी खोकं उघडलं. आत चोरीला गेलेला डबा होता आणि डब्यात सगळ्या कुप्या, ओळीने. धुऊन पुसून लखलखीत केलेल्या. आणि प्रत्येक कुपीत पांढरी फुलं भरलेली होती.

४

"चोर तो चोर वर शिरजोर," संचालक सालारी म्हणाले. "आमची थट्टा करते ही पोरगी. औषध विकलं, आणि आम्हाला फुलं पाठवली."

आता उद्याचा एक दिवस उरला होता. माहरुखने पिशवी आवरायला घेतली होती, आणि तिची आई बाहेर व्हरांड्यात येऊन बसली होती.

सरहंगांनी एक कुपी उचलून नाकाशी नेली. नारंजाची फुलं, ताजी, कालचीच असावीत. त्या वासाने त्यांना आपली आई आठवली. शेजारून खिरीचं भांडं आलं की ती ते धुवायची, आणि परत पाठवताना त्यात काहीतरी घालायची. खडीसाखर, नाहीतर मूठभर मीठ, काहीच नसलं तर अंगणातलं फूल. रिकामं भांडं परत देऊ नये, लोक नाव ठेवतात.

थट्टा करणारा कुप्या धूत बसत नाही. विकणाऱ्याला परत करायची गरज नाही. ज्याने हे पाठवलं त्याने आपल्या मनाशी चोरी केलीच नव्हती. शेजाऱ्याचं भांडं नेलं होतं, आणि आता रीतीने परत केलं होतं.

आणि फुलं. तूरान रोज मान मोडून बघत होती, शिराजमध्ये अजून एक कळी उमलली नव्हती. मग ही फुलं कुठली? जिथे वसंत आधी येतो तिथली. खाली दक्षिणेची, उष्ण मुलखातली, जहरूमकडची.

आता ते घसरलेलं वाक्य त्यांना आपोआप आठवलं. खानम डॉक्टर नव्हत्याच. पण हाजी दाराशीच पेट्या उतरवून गेले म्हणत होते. सरहंग खाली जाऊन द्वारपालाला भेटले. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, त्या दिवशी खानम डॉक्टर दिवसभर वरच होत्या, कुणी विचारलं असतं तर आहेत म्हणूनच सांगितलं असतं. त्या मागच्या बागेच्या दाराने बाहेर पडल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्या खोलीत नाहीत हे खोलीत गेलेल्यालाच कळणार होतं.

लिंबाचा उलगडाही मग झाला. हाजी फळ आणत तेव्हा दरवेळी पेटीतलं एक कापून बशीत घालून डॉक्टरबाईंच्या पुढे ठेवत. आधी चव बघा, मग बोला. ते चोरी करायला आलेच नव्हते. तिसऱ्यांदा मागायला आले होते.

सरहंग जिना चढून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. दम लागला म्हणून दारातच थांबले.

"खानम डॉक्टर, एक विचारतो. माणसांवरची चाचणी पुढच्या आठवड्यात होती. मग त्या दिवशी आल्या आल्या डबा काढायला का सांगितलंत?"

बाई कागदावर काही लिहीत होत्या. पेन थांबलं.

"हाजी कुद्रतच्या भावासाठी," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी मी नीतिमंडळाच्या लोकांपुढे बसले होते. एका रुग्णाला चाचणीआधी औषध द्यायची परवानगी मागत होते. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा हो म्हणाले."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"मिळाली नसती तर? त्या माणसाला उगाच आशा दाखवायची नव्हती मला. तो मागत होता तेव्हा मी एवढंच म्हटलं, आपलंच आहे, हाजी. वाटलं, कळेल त्याला."

"तारुफ नव्हता तो."

"मला तारुफ येतो का, सरहंग?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डबा गेलेला बघितला आणि मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने त्या माणसाला फोन करू. म्हणून केला नाही. मग तो भाऊ गेला. का विचारताय हे तुम्ही?"

सरहंगांनी सांगितलं. सांगताना ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाहीत, म्हणून खिडकीबाहेर बघत सांगितलं.

"वाचला असता का तो?" सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मेंढ्या वाचल्या. माणसाचं मी शपथेवर सांगू शकत नाही." बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "पण त्याला संधी होती. ती माझ्या टेबलावर होती, आणि मी तिथे नव्हते."

५

शुक्रवारी सरहंग गाडी घेऊन जहरूमला गेले. शहर ओलांडून घाट उतरला तशी हवा बदलली, आणि बागांच्या भिंतीवरून फुलांचा वास रस्त्यावर येऊ लागला. हाजींच्या दारावर काळं कापड होतं. अंगणात लोक होते, हलवा आणि खजूर फिरत होता. हाजींनी सरहंगांना पाहिलं, जागेवरून उठले, आणि काही न विचारता त्यांना मागच्या बागेत घेऊन गेले.

"खोकं मिळालं ना?" झाडाखाली थांबून ते म्हणाले.

"मिळालं."

"एक कुपी फुटली नाही. कापसात ठेवून पाठवल्या होत्या." मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. वर गेले, खोली रिकामी. बाई येतील म्हणून बसले. लिंबू कापून ठेवलं. बसल्या बसल्या वाटलं, हे लिंबू कडू व्हायच्या आत त्या आल्या तर तिसऱ्यांदा मागायचं. मग जिन्यावर पावलं वाजली, वाटलं त्याच आल्या, आणि एकाएकी धीर सुटला. तिसऱ्यांदाही 'आपलंच आहे' ऐकायचं, आणि ते ऐकून करामतच्या खाटेपाशी परत जायचं, हे त्यांच्याने झालं नसतं. किल्ली समोरच लटकत होती. कोटाच्या आत डबा घातला आणि मागच्या जिन्याने उतरले.

"मग केलंत काय त्याचं?"

"पाजलं. साखरपाण्यातून, थोडं थोडं."

सरहंगांना ठाऊक होतं, पाजून त्याचा काही उपयोग नव्हता. ते शिरेतून जायचं औषध, आणि कोटाच्या उबेत तर ते वाटेतच निकामी झालं असणार. हाजींना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्या झाडाचं फळ, त्याचा रस प्यायचा असतो.

"प्यायला," हाजी म्हणाले. "म्हणाला, दादा, गोड आहे." आणि तिथे ते थांबले.

बागेच्या पलीकडून कुणीतरी कुराण वाचत असल्याचा आवाज येत होता. सरहंगांनी आता कामाचं सांगितलं. एका मुलीवर आळ आला आहे, उद्या मंडळ बसणार, तिचं सगळं शिक्षण पणाला लागलंय. हाजी पांढरेफटक पडले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डबा हरवला तर म्हाताऱ्या बाई रागावतील, एवढंच त्यांच्या मनात होतं. उद्या पहाटेच निघतो, म्हणाले. मंडळापुढे उभा राहतो, तुरुंगात टाका नाहीतर बाग लिहून घ्या. सरहंगांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरबाई तक्रार करणार नाहीत, म्हणाले, तुम्ही फक्त खरं सांगा.

निघताना हाजी गाडीपर्यंत आले. दार धरून उभे राहिले.

"सरहंगसाहेब, एक विचारू? रात्री झोप लागत नाही. डोक्यात सारखं तेच येतं." त्यांनी खाली बघितलं. "खानम डॉक्टर जे म्हणाल्या ना, आपलंच आहे म्हणून. तो तारुफच होता ना? म्हणजे, मी थांबलो असतो आणि त्या आल्या असत्या, तरी काही दिलं नसतं ना त्यांनी?"

सरहंगांनी आयुष्यभर लोकांकडून खरं काढलं होतं. कित्येकदा खरं ऐकून समोरचा मोडून पडला, तरी त्यांनी काढलं होतं, आणि तेच आपलं काम असं मानलं होतं. आता त्यांच्या छातीत डावीकडे तो नेहमीचा जडपणा आला. त्यांनी तो जाऊ दिला.

"तारुफच होता, हाजी," ते म्हणाले. "चाचणीच्या आधी कुणाला देता येत नाही ते. नियमच आहे. विचारून मिळणार नव्हतंच."

हाजींनी डोळे मिटले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते रडले, गाडीचं दार धरून, आवाज न करता. सरहंग खाली उतरले नाहीत. ते रडणं संपेपर्यंत बसून राहिले.

घाट चढण्याआधी त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि फोन लावला.

"उद्या येतोय तो," डॉक्टरबाईंना म्हणाले. "माहरुखचं मिटलं. पण खानम डॉक्टर, तो तुमची माफी मागेल आणि तुम्हालाही तेच विचारेल. आपलंच आहे, हे तुम्ही मनापासून म्हणाला होतात का."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सगळ्या आयुष्यात ते त्या एका माणसालाच म्हटलं होतं मी," बाई म्हणाल्या. "आणि आता ते तोंडदेखलं होतं म्हणून सांगायचं."

"हो. फार मोठे उपकार होतील."

"उपकार कसले, सरहंग," त्या म्हणाल्या. "आपलंच काम आहे."

हे त्यांनी मनापासून म्हटलं की तारुफ केला, ते सरहंगांनी विचारलं नाही. त्यांनी फोन ठेवला, काच वर केली आणि घाट चढायला लागले.